माळाची ओढ

१

सदाशिवराव वकिलांची मोटार काळी होती, जुनी होती आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव होता. पोलीस ॲक्शननंतर कोर्टातली उर्दू गेली, मराठी आली, आणि त्या उलथापालथीत दोन्ही भाषा घोटून प्यालेल्या सदाशिवरावांची वकिली चांगलीच जमली. पण मोटार यायला अडुसष्ट साल उजाडावं लागलं. बदली झालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी धोतर खोचून ते स्वतः तिला धूत. "देवाला फूल वाहायला सवड नाही, हिला मात्र दर रविवारी अभ्यंगस्नान," असं भानुमतीबाई म्हणत, आणि म्हणता म्हणता आतून कोरडं फडकंही आणून देत.

आंघोळ झाली की मोटार देवगाव रंगारीला निघायची. त्यांची एकुलती एक लेक पद्मजा तिथं दिली होती. जावई शाळेत मास्तर, घरची थोडी जमीन, माणसं चांगली. पहिल्या खेपेला पद्मजा एसटीनं माहेरी यायला निघाली, आणि त्या धक्क्यांनी घात केला. निदान भानुमतीबाईंची तरी तशी खात्री होती. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. आठव्यात हलवायचं नाही, नववा लागताच मोटारीनं अलगद आणायचं, असं ठरलं होतं. खरं सांगायचं तर मोटार घेतली होती ती याचसाठी, फक्त सदाशिवराव तसं कबूल करत नसत.

तर अशाच एका रविवारी डांबर संपून खडीचा रस्ता लागला, चाकं नाचू लागली, आणि मोटार डावीकडे सरकली. सदाशिवरावांनी तिला सरळ केली. ती पुन्हा सरकली. धसमुसळेपणा काही नव्हता. बाजारातून जाताना लहान मूल बोट धरून मिठाईच्या दुकानाकडे ओढतं, तशी हलकी पण हट्टी ओढ होती. पुढं एक मोरी लागली, ती ओलांडून थोडं गेल्यावर ओढ थांबली. आपलंच मनगट दुखावलं असेल असं म्हणून त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला.

२

विषय मनातून गेला, पण मोटारीतून गेला नाही. दोन-तीन खेपांनंतर सदाशिवराव औरंगपुऱ्यात कडूबा मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन उभे राहिले.

कडूबा हा त्यांचा जुना अशील. भावकीच्या भांडणात वकीलसाहेबांनी त्याला सोडवला होता, आणि त्या उपकाराची फेड तो त्यांची थट्टा करून करत असे.

"काय साहेब, आज कंचं कलम लावलं हिच्यावर?"

"डावीकडे ओढते. खराब रस्त्यावर जास्त. डांबरावर अगदी साधूसारखी चालते."

"मंग साधूच हाय. चांगल्या वाटंवर समदेच साधू असत्यात."

त्यानं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून बघितली. टायर हलवून बघितले, धक्के झेलणारे कमानीचे पाटे बघितले, चाकांतली हवा बघितली. दोष असा कुठं दिसेना. तरी गिऱ्हाइकाचा मान राखायचा म्हणून त्यानं चाकं अंमळ उजवीकडे बसवून दिली.

रविवारी जाताना मोटार बरी चालली. येताना मात्र त्याच मोरीपाशी ती उजवीकडे अशी पळत सुटली, की समोरून येणारी बैलगाडी थोडक्यात वाचली. सदाशिवराव सोमवारी कोर्टात जायच्या आधी कडूबाला झापून आले. दुरुस्ती सांगितली होती, उलटी खोड लावायला सांगितली नव्हती! कडूबानं निमूटपणे चाकं पुन्हा पहिल्यासारखी केली. पुढच्या रविवारी जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे, दोन्हीकडे ओढ.

"साहेब," कडूबा या वेळी हसला नाही. "गाडीला डावं-उजवं एकच असतंय. जाताना डावीकडं वढली तर येताना बी डावीकडंच वढाया पायजे. ही बाजू बदलतीया, म्हंजी खोड गाडीत नाय. चला, मला ती जागा दावा."

३

भर दुपारी दोघं त्या मोरीवर पोचले. माघ महिना, आभाळ लख्ख. जाताना डाव्या हाताला एक माळ रस्त्यापासून हळूहळू चढत वर गेला होता. झाड नाही, बांध नाही, नांगराची रेघ नाही. आजूबाजूला हरभरा उभा होता, पण या तुकड्यावर कुणी दाणाही टाकलेला नव्हता. सदाशिवराव इतके दिवस इथून जात होते, आणि आपण या माळाकडे कधी नीट बघितलंच नाही हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांना ते जरा चमत्कारिक वाटलं.

कडूबानं स्टिअरिंगच्या चाकावरचे हात काढले. मोटार डावीकडे निघाली. त्यानं वळवून आणली, पुन्हा हात काढले. उजवीकडे निघाली. मग त्यानं एक केलं, जे सदाशिवरावांना सुचलं नसतं. रस्ता सोडून त्यानं मोटारीचं नाक सरळ माळाकडे केलं, हात मांडीवर ठेवले आणि हळूच गाडी सोडली.

दगडधोंड्यांतून मोटार वर चढू लागली. चाक तसूभर हललं नाही. पाटे वाजेनात, दारं खडखडेनात. डांबरावरसुद्धा ती इतकी सरळ कधी चालली नव्हती. सदाशिवरावांना क्षणभर बरं वाटलं, फार बरं वाटलं. खूप दिवसांनी कुणी आपल्याला घरी बोलावलंय असं काहीतरी. आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच त्यांना धडकी भरली.

कडूबानं करकचून ब्रेक दाबला. त्याच्या कपाळावर घाम होता.

खाली उतरले तर सगळं गप्प. कडेला एका बाभळीखाली शेळ्या बसल्या होत्या. शेळ्या कधी अशा बसत नाहीत. एक इकडे तोंड करते, एक तिकडे. या सगळ्या माळाकडे तोंड करून, कान पुढं करून बसल्या होत्या. त्यांचा धनी पुंजाराम, चांगला सत्तरीचा म्हातारा, काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"बाबा, या माळाचं नाव काय?" सदाशिवरावांनी विचारलं. वकिलाची सवय, आधी नाव, मग सर्वे नंबर, मग मालक.

"त्येला नाव नाय."

"असं कसं? साध्या खडकाळ तुकड्यालाही तुम्ही लोक नाव ठेवता."

"नाव हाक माराया लागतंय, साहेब," पुंजाराम शांतपणे म्हणाला. "त्येला कोन हाक मारनार?"

 परतीच्या वाटेवर सदाशिवरावांमधला वकील जागा झाला. जमिनीत लोखंड असेल. निजामाच्या काळात इथं कुणी खाण खणली असेल. मोरीजवळ रस्त्याला उतार असेल आणि डोळ्यांना तो दिसत नसेल. कडूबा प्रत्येक मुद्द्याला "आसंल" म्हणत राहिला.

"ते काही असो," शेवटी सदाशिवराव म्हणाले. "पद्मजाला याच रस्त्यानं आणायचंय. तू गाडी इतकी घट्ट कर, की कुणी ओढली तरी हातातलं चाक हलता कामा नये."

"साहेब, थोडा ढिलेपणा पायजेच. चाक हलतंय म्हनून आतलं मानूस हलत नाय. समदंच आवळलं तर धक्का जाईल कुठं?"

"जाईल तिकडे जाईल. चाक हलता कामा नये."

कडूबानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सगळं आवळून दिलं. चाक वळवायला दोन्ही हातांचा जोर लागायचा. सदाशिवराव खूश झाले. दुरुस्ती म्हणावी तर ही.

४

फाल्गुन लागला आणि देवगावहून निरोप आला. सुईण चतुराबाईनं पोट चाचपून सांगितलं होतं की बाळ आडवं आहे. शहरात दवाखान्यात न्या, इथं माझ्यानं व्हायचं नाही. भानुमतीबाईंच्या हातातलं भांडं निसटलं. त्याच दिवशी नवरा-बायको मोटारीनं निघाले.

पद्मजाचं तोंड उतरलं होतं, पण ती हसली. विहीणबाईंनी, म्हणजे वच्छलाबाईंनी, तिची ओटी भरली. पदरात गहू, नारळ, खण. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "आमच्याकडची रीत माहिताय ना, पद्मे? भरल्या ओटीनं निघालीस की माहेरच्या उंबऱ्यापर्यंत भुईला पाय लावायचा नाही."

सदाशिवरावांचा वाटेतला बेत वेगळा होता. मोरी यायच्या आधी त्यांनी मोटार थांबवली. "तुम्ही दोघी उतरा. एवढा तुकडा सावकाश चालत या. मी रिकामी गाडी पुढं नेतो."

पद्मजानं पदरातला नारळ दोन्ही हातांनी धरला. "मी उतरणार नाही, बाबा."

"अगं, रीत-बीत नंतर. रस्ता वाईट आहे."

"मागच्या वेळी मी स्टँडवर उतरले होते, पाणी प्यायला," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. पण उतरले होते."

 भानुमतीबाईंनी लेकीच्या खांद्याभोवती हात टाकला. सदाशिवरावांनी चाक दोन्ही हातांनी धरलं आणि गिअर टाकला. माळ आता उजव्या हाताला होता.

खडी वाजू लागली. चाकं नाचली. हातातलं चाक मात्र हललं नाही. कडूबानं काम चोख केलं होतं. मोटार सुतासारखी सरळ जात होती. पण सदाशिवरावांना कळलं की ओढ गेलेली नाही. ती दारातून, गाद्यांतून, हाडांतून चालली होती. दातांत बारीक गुणगुण सुरू झाली. गळ्यातलं जानवं उजवीकडे सरकलं. त्यांचं काळीज छातीत उजवीकडे झुकल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ कडूबाचा तो प्रश्न आठवला, की मग धक्का जाईल कुठं.

त्यांनी माळाकडे बघितलं. बघायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते, तरी बघितलं.

माळावर एक सावली पडली होती. मोठी, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावली म्हटल्यावर माणूस वर बघतो, तसे ते वर बघू लागले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. ऊन सगळीकडे सारखं पडलं होतं, आणि त्या उन्हाखाली ती सावली पसरली होती, शांत, कधीपासून कोण जाणे. तिच्या कडेचं गवत वारा नसताना तिच्याकडे वाकलं होतं. सदाशिवरावांना भीती वाटली, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. देवळात, लग्नात, बापाच्या चितेपुढे जे कधी वाटलं नव्हतं ते त्या उघड्या माळावर वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग सावली वळली. झोपलेलं माणूस या कुशीवरून त्या कुशीवर होतं, तशी ती सावकाश एका अंगावरून दुसऱ्या अंगावर झाली.

मागे पद्मजानं जोरात श्वास घेतला.

"बाबा!"

"काय झालं? दुखतंय?"

"नाही." तिच्या आवाजात रडू होतं आणि नवलही होतं. "फिरलं. बाळ फिरलं, बाबा. आख्खं फिरलं."

५

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बाळ अगदी सरळ आहे, डोकं खाली, आडवं कोण म्हणालं? खेड्यातल्या सुइणींचं काय घेऊन बसलात. भानुमतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. चार दिवसांनी भर सकाळी पद्मजा सुखरूप बाळंत झाली. मुलगा. वजन चांगलं, रंग बापाचा, जावळ भरपूर.

सदाशिवरावांनी पेढे वाटले. कडूबाला पेढा देताना मात्र त्यांनी सावलीचा विषय काढला नाही. न्यायाधीशापुढे जे सिद्ध करता येणार नाही ते बोलू नये, हा त्यांचा जन्माचा नियम होता.

नियम चांगला होता, पण घरात बाळ होतं. ते रडत कमी आणि बघत जास्त असे. बाळंतिणीच्या खोलीत भानुमतीबाईंनी काढ्याची वाटी ठेवली, की काढा वाटीत तिरका राही, बाळाच्या बाजूचा काठ उंच. कुंकवाची डबी फळीवर ठेवली की हळूहळू सरकत बाळाच्या बाजूच्या कडेला येई. "फरशीलाच उतार आहे," सदाशिवराव म्हणाले, आणि एका दुपारी सगळ्या निजल्यावर त्यांनी सुपारी जमिनीवर ठेवून बघितली. सुपारी घरंगळत बाळाच्या दुपट्यापाशी गेली. त्यांनी दुपट्यासकट बाळ उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. सुपारी क्षणभर थांबली, आणि आली त्या वाटेनं परत घरंगळत निघाली.

सदाशिवराव तिथंच भिंतीला टेकून बसले. बाळ त्यांच्याकडे बघत होतं. दोन महिन्यांचं ते पोर, धड मान धरत नव्हतं. त्याच्यावर त्यांचं प्रेम होतं, अपार होतं. आणि हे प्रेम आपलं आपल्याला वाटतंय की तेही त्या सुपारीसारखं घरंगळत चाललंय, हे त्यांना ठरवता येईना.

६

वैशाखात जावयाचं पत्र आलं, की घर सुनं वाटतंय, आता पाठवा. पाठवायलाच हवं होतं. लेक कितीही लाडकी झाली तरी तिचं घर तिचं.

सदाशिवराव कडूबाकडे गेले. "गाडी ढिली करून दे. होती तशी."

कडूबानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "करतो," एवढंच म्हणाला. "आन् संगं मी बी येतो."

हिशेब सरळ होता. माळ ओढणार, तर चाकाला ओढू दे, पोराला नको. मोरी दिसू लागली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, पण ऊन दुपारचं होतं. पुढं कडूबा, मागं भानुमतीबाई आणि पद्मजा, आणि पद्मजाच्या मांडीवर बाळ. सदाशिवरावांनी दात आवळले, आणि डावीकडची ती ओढ येणार म्हणून चाकावर उजवीकडे सगळा जोर लावला.

ओढ आलीच नाही. त्यांच्याच जोरानं मोटार उजवीकडे धावली, एक चाक चरात उतरलं, आणि गचका बसून इंजिन बंद पडलं.

"कुणाला लागलं का?" ते ओरडले.

कुणाला लागलं नव्हतं. बाळ रडलंही नव्हतं. कडूबानं हात लांब करून चाक इकडेतिकडे फिरवून बघितलं, मग सोडून दिलं. ते जिथल्या तिथं राहिलं. "काय बी नाय, साहेब," तो पुटपुटला. "हितं आता काय बी नाय."

माळ डाव्या हाताला पडला होता. सावली नाही, काही नाही. कधी नव्हे ते त्याच्यावर दोन पोरं सरपण वेचत होती, आणि कुणीतरी नुकताच नांगर फिरवून तासांच्या दोन रेघा काढलेल्या दिसत होत्या. साधी, लालसर, कोरडी जमीन होती. सदाशिवरावांना तिच्याकडे बघून पोरकं वाटलं.

मग त्यांना पाठीत कळलं. सीटच्या मागून, लोखंडातून, गादीतून, दोन खांद्यांच्या मधोमध एक ओढ लागली होती. हलकी होती, पण हट्टी होती. मागं वळून बघायला त्यांना फार धीर करावा लागला.

शेळ्या रस्त्यावर आल्या होत्या. मोटारीच्या चारी बाजूंनी गप्प उभ्या राहून, कान पुढं करून, त्या मागच्या खिडकीतून आत बघत होत्या. त्यांच्यामधून वाट काढत पुंजाराम आला. खिडकीपाशी थांबून त्यानं पायातल्या वहाणा काढल्या आणि त्या तापलेल्या खडीवर अनवाणी उभं राहून हात जोडले. त्याच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि बाळ त्याच्याकडे, जुनी ओळख असल्यासारखं, टक लावून बघत होतं.

 कडूबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. पद्मजानं मात्र पदर ओढून बाळाला पुरतं झाकून टाकलं आणि छातीशी घट्ट धरलं.

"बाबा, नमस्कार नका करू त्याला," ती पुंजारामला म्हणाली.  "माझं लेकरू आहे ते. माझं आहे."

"व्हय, माय," पुंजाराम मायेनं म्हणाला. "तुझंच हाय. तुझंच."

पण जोडलेले हात काही त्यानं खाली घेतले नाहीत.